बांधावरचं बिननावाचं गवत

आमचं गाव कोरगाव. निदान या प्रकरणापुरतं तरी कोरगाव. घर रस्त्याच्या वरच्या अंगाला, आणि मागल्या दारातून उतरत गेलं की आधी माड, मग केळी, मग अळू, आणि सगळ्यात खाली आमचं शेत. शेताच्या पलीकडे व्हाळ. भरतीच्या वेळी खाडीचं खारं पाणी या ओढ्यातून वर चढायचं आणि आमच्या भाताकडे बघत उभं राहायचं. त्या पाण्याच्या आणि भाताच्या मध्ये एक मातीचा बांध होता, आणि बांधावर माणसाच्या छातीपर्यंत येणारं एक गवत. झुबक्याझुबक्यानं वाढलेलं, पातं लांब, ताठ आणि कडेला धारदार. पावसात हिरवं, मे महिन्यात पिवळट, कापलं तरी महिन्याभरात परत तिथंच आणि तेवढंच. गुरं त्याला तोंड लावून बाजूला व्हायची. पायवाटेवरून जाणाऱ्याच्या पोटऱ्या ते ओरबाडायचं. त्याला नाव नव्हतं.

नाव नव्हतं असं मी म्हणते, पण घरात त्याचा मान मोठा होता. हा मान माझ्या आजोनं, म्हणजे बाबांच्या वडलांनी, दिलेला. आजोचे या गवताबाबत दोनच नियम. एक, कापा, माडाच्या आळ्यात घाला, काय वाटेल ते करा, पण मुळाला हात लावायचा नाही. "मुळाक हात लावशात तर हात मोडीन," असं ते सांगायचे, आणि त्यांचा आवाज असा होता की आम्ही पोरं बांधावरून जाताना हात खिशात घालून चालायचो. दुसरा नियम चवथीचा. गणपतीच्या डोक्यावर आम्ही लाकडी चौकट टांगतो आणि तिला रानातली, परसातली फळं, फुलं, पानं, शेंगा बांधतो. ही माटोळी. नारळ, सुपारीचा घड, चिबूड, तोरिंजन, अंबाडे, लालबुंद कवंडळं, कांगलांचे घोस. या सगळ्या श्रीमंतीच्या बरोबर मध्यभागी आजो त्या गवताचा एक झुबका बांधायचे. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "आजो, ह्या काय?"

"ता? गवात," आजो म्हणाले आणि सुंभाची गाठ मारली.

आजो गेले त्यानंतरही बाबांनी तो झुबका मध्यभागी बांधायचं सोडलं नाही. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांना यादीचं वेड. माटोळीच्या सामानाची त्यांची एक लांब वही होती, तीत दरवर्षीची यादी, प्रत्येक वस्तूपुढं ती कुठून आणली आणि झाडावर कोण चढलं. चढलेल्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच नाव असायचं: माझे काका, अण्णा. अण्णाकाका बोलायचे कमी आणि चढायचे जास्त. आईचं म्हणणं, या घरात एक भाऊ झाडावर आणि दुसरा कागदावर, जमिनीवर राहायची पाळी फक्त तिची.

आई मये गावची. आणि मयेला होता दामूमामा, तिचा सख्खा भाऊ, ज्याच्यामुळं हे प्रकरण घडलं. तळ्याच्या वरच्या अंगाला त्याचं घर, घरामागं रान, त्यामुळं माटोळीचं सामान त्याच्याकडे चालतच यायचं असं आमचं मत. आदल्या वर्षी माटोळीच्या स्पर्धेत तो आमच्यापुढं गेला होता, तोही एका वस्तूनं. एका! बक्षिसाची पितळी समई घेऊन तो मुद्दाम कोरगावला आला, समई आमच्या मेजावर ठेवली, चहाबरोबर चार नेवऱ्या खाल्ल्या आणि म्हणाला, "भावोजी, तुमची माटोळी म्हळ्यार बरीच. पूण म्हजी मात्शी चड बरी." बाबा हसले. नंतर त्यांनी दोन दिवस वही उघडली नाही, यावरून त्यांना किती लागलं ते कळावं.

पुढच्या वर्षी श्रावणात स्पर्धेचा कागद आला. त्यात एक नवा नियम होता. प्रत्येक वस्तूचं नाव यादीत पाहिजे, बिननावाची वस्तू मोजली जाणार नाही. बाबांनी वही काढली, जे मिळणार होतं ते सगळं लिहिलं, पुन्हा मोजलं, चष्मा पुसून पुन्हा मोजलं. एकशे आठ. दामूमामाकडे यंदा किती होणार याची बातमी आईकडून, म्हणजे मामीकडून, आधीच आलेली: तिकडेही एकशे आठ. आणि आमच्या एकशे आठात आजोचं गवत होतं, ज्याच्यापुढं बाबांच्या सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं, "गवत (मधलें)".

"मधलें ह्या नाव जाता?" अण्णाकाकांनी विचारलं.

"जायना," बाबा म्हणाले. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. अण्णाकाकांनी पाहिलं. आईनं अळू चिरता चिरता पाहिलं. कारण मी त्या वर्षी म्हापशाच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते आणि माझा विषय होता वनस्पतीशास्त्र.

इथं एक कबुली देते. वनस्पतीशास्त्र मी आवडीनं घेतलं नव्हतं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा वास मला सहन होत नव्हता आणि गणितातल्या बाई मला सहन करत नव्हत्या, म्हणून उरलेल्या रांगेत उभी राहिले. कॉलेज सुरू होऊन जेमतेम दोन महिने झालेले. त्यात आम्ही एक जास्वंद उभी चिरली होती आणि एक आडवी. पण मांद्र्यापासून पेडण्यापर्यंत जो कोणी भेटेल त्याला बाबा सांगायचे, "आमचा चेडू झाडांचा शिकता." त्यामुळं "मला येत नाही" हे म्हणायची वेळ केव्हाच टळली होती. मी म्हटलं, "हात्तिच्या, एवढंच ना?"

मी पाठ्यपुस्तक घेऊन बांधावर गेले. पुस्तकात गवतावर एकच पान होतं आणि त्यावरचं चित्र भाताचं होतं. मी झुबक्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, एक पातं तोडलं, बोट कापून घेतलं, आणि घरी येऊन जाहीर केलं की हा रानटी गवती चहा आहे. दिसायला तसंच होतं, खरंच होतं. आईनं पाती धुतली, उकळली, दूध-गूळ घातला आणि चार कोपांत ओतून पुढं ठेवलं. बाबांनी एक घोट घेतला आणि कोप खाली ठेवला. आईनं नुसता वास घेतला आणि म्हणाली, "वासच नाय गो. ओलो पेंढो उकळल्यार असोच लागतलो." अण्णाकाकांनी मात्र माझ्याकडे बघत बघत पूर्ण कोप संपवला आणि म्हणाले, "बरो आसा. गुरां कित्याक खायनत ता कळला."

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं लव्हाळा. ओल्या जागेत वाढतं, झुबक्यात वाढतं, मग लव्हाळाच. लव्हाळ्याचा दांडा तीन धारांचा असतो हे पुस्तकाच्या पुढच्या पानावर होतं, ते मी तिसऱ्या दिवशी वाचलं. दांडा बोटांत फिरवून पाहिला तर तो सरळ गोल. चौथ्या दिवशी मी एका वर्गमैत्रिणीकडून तिच्या मोठ्या भावाचं जाडजूड पुस्तक आणलं आणि त्यात मला एक वाक्य सापडलं, ज्यात "सखल ओलसर जमीन", "बहुवर्षायू", "झुबक्यांनी वाढणारे" आणि "पात्यांच्या कडा धारदार" हे चारही शब्द एकापुढं एक उभे होते. मला जिंकल्यासारखं झालं. ते वाक्य दर्भाबद्दल होतं.

मी पुठ्ठ्याचा तुकडा कापला, वर मराठी नाव, खाली लॅटिन नाव, कडेनं वेलबुट्टी, आणि बाबांपुढं ठेवला. लॅटिन बघून बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी वहीत "मधलें" खोडून "दर्भ" लिहिलं. आई तेवढी म्हणाली, "माटोळीक दर्भ? चवथ आसा काय श्राद्ध?" पण लॅटिनपुढं तिचं काय चालणार.

गोष्ट इथं थांबली असती तर मी एक चुकीची पाटी लावली एवढंच झालं असतं. पण बाबांना आनंद पोटात ठेवता येत नसे. शाळेत सांगितलं, पाव घेऊन येणाऱ्या पदेराला सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत ते आमच्या भटजींपर्यंत पोचलं. भटजी सत्तरीच्या पलीकडचे. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यावर हिरवी पट्टी, आणि दुसऱ्या डोळ्याचं व्हायचं होतं. वर्षभराचा दर्भ ते श्रावणाच्या शेवटच्या दिवशी, अमावास्येला आणायचे, चवथीच्या आधी चार दिवस. तो मुळासकट उपटायचा असतो. त्यासाठी त्यांना लांबच्या सड्यावर जावं लागे आणि यंदा डोळ्यांपायी ते जमणार नव्हतं. तर त्यांना कळलं की मास्तरांच्या बांधावर छातीएवढा दर्भ वाढलाय, आणि तो कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनं पुस्तकात बघून ओळखलेला आहे.

अमावास्येच्या सकाळी भटजी मागल्या दारी हजर. हातात कोयता, खांद्यावर पंचा, पायात काही नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "इतकी वर्सां तुझ्या घरा येतंय, आणि तुझ्या बापायन माका कधी सांगूक नाय, दर्भ आसा म्हणान."

बाबांची पंचाईत झाली. एकीकडे आजोचा नियम: मुळाला हात लावायचा नाही. दुसरीकडे एका डोळ्याचे भटजी, जे आमच्या घरातली तीन लग्नं आणि आजोचं क्रियाकर्म करून गेलेले. बाबांनी मध्यम मार्ग काढला. एकच झुबका, तोही बांधाच्या आतल्या बाजूचा, छोटासा. आजो रागावले तर सगळं पुण्य भटजींचं आणि पाप अर्धं अर्धं. मग आम्ही सगळे उतरलो. भटजींचा हात धरून अण्णाकाका, मागं बाबा, त्यांच्यामागं मी पुस्तक घेऊन, आणि सगळ्यात मागं आई, "माका खय कोण विचारता" असं पुटपुटत.

भटजींनी पूर्वेकडे तोंड केलं, जे म्हणायचं ते म्हटलं, झुबका दोन्ही हातांनी बुडाशी धरला आणि ओढला. झुबका हलला नाही. त्यांनी पाय रोवले आणि पुन्हा ओढला. एक पातं तुटून हातात आलं आणि बोटातून रक्त.

"दर्भ असो हट्टी नसता," भटजी म्हणाले. त्यांच्या उघड्या डोळ्यात पहिल्यांदा शंका दिसली.

मी पुस्तक उघडलं. "पुस्तकात मुळं घट्ट असतात असं दिलंय," असं मी सांगितलं. पुस्तकात असं काही दिलेलं नव्हतं.

मग अण्णाकाकांनी भटजींच्या कमरेला विळखा घातला. बाबांनी अण्णाकाकांच्या. तिघं ओढायला लागले. दोन वेळा काही झालं नाही. तिसऱ्या वेळी जे झालं ते असं: गवत मातीतून सुटलंच नाही, मातीसकट बांधच निघून आला. त्या बाजूला कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, बिळं करून माती आतून पोखरलेली होती. हातभर लांबीचा ढेकूळ सुटला, तो घेऊन तिघंजण मागच्या मागं शेतात बसले, आणि भटजी, सगळ्यात पुढं असूनही, कसे कोण जाणे, सगळ्यांच्या खाली गेले.

मला हसू आलं होतं. मग आवाज ऐकला. बारीक, खळखळ करणारा. जिथून ढेकूळ निघाला होता तिथल्या बिळातून व्हाळाचं पाणी आत यायला लागलं होतं. अमावास्येची मोठी भरती. पोटरीत आलेलं भात पाण्यापासून चार हातांवर.

त्यानंतरचा अर्धा तास कोणी शास्त्रात बोललं नाही. अण्णाकाका उठले, भोक बघितलं, आणि सरळ जाऊन त्यात पाठ टेकून बसले. अगदी आरामखुर्चीत बसावं तसे. पाणी थांबलं. "माती हाडा," ते म्हणाले, "पूण बेगीन. कुर्ली मागच्यान चावता." बाबा आणि मी चिखलाचे गोळे आणत होतो, आई वरून पेंढा आणि नारळाच्या सोडणांची टोपली घेऊन धावत आली, भटजी एका डोळ्यानं जिथं दिसेल तिथं चिखल थापत होते, त्यातला निम्मा अण्णाकाकांवर. शेवटी भोक बुजलं. अण्णाकाकांना त्यातून उपटून काढावं लागलं आणि ते गवतापेक्षा सहज निघाले.

आम्ही धापा टाकत बांधाकडे बघत बसलो. ढेकूळ गेलेल्या जागी गवताची मुळं उघडी पडली होती. लांबच लांब, सुतळीसारखी, एकमेकांत विणलेली, अख्खा बांध मुठीत धरल्यासारखी. कुर्ल्यांनी माती नेली होती, पण मुळांची जाळी होती म्हणून बाकीचा बांध उभा होता.

भटजींनी तोंडावरचा चिखल पुसता पुसता हात नाकाशी नेला. परत नेला. "मास्तर," ते म्हणाले, "ह्या चिखलाक वास कसलो रे? हो वास माझ्या ओळखीचो."

आम्ही सगळ्यांनी आपापले हात हुंगले. मे महिन्याच्या दुपारी आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला जनेलात, म्हणजे खिडकीत, ठेवलेल्या मडक्यातलं गार पाणी मिळायचं, त्या पाण्याचा वास. मातीचा, गोडसर, जरा चंदनासारखा. आई एकदम म्हणाली, "अहो, हो वाळो!"

वाळा. उन्हाळ्यात मडक्यात घालायच्या मुळांची जुडी, जी बाबा दरवर्षी होळी झाली की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घेऊन यायचे. मुळं सगळ्यांच्या ओळखीची, पण मुळांच्या वर काय असतं ते बघायची वेळ कोणावर आली नव्हती. आणि बांधावर काय वाढतं ते सगळ्यांच्या ओळखीचं, पण त्याच्या खाली बघायला बंदी. पात्यांना वास नाही, तो सगळा वास जमिनीत.

"म्हणजे आमी जल्मभर," आई म्हणाली, "म्हापशासून हाडतंव ता आमच्याच शेतात?"

बाबांनी हाताचा वास पुन्हा घेतला. ते आठवत होते. दरवर्षी ते जुडी घेऊन आले की आजो ती हातात घ्यायचे, हुंगायचे, आणि सांगायचे, "बरी आसा. फुडल्या खेपेक जाड मुळांची बघून घे." इतकंच. तीस वर्षं.

"बापायक ठावक होता," बाबा शेवटी म्हणाले.

"ठावक कसा नसतला," अण्णाकाका म्हणाले. कपडे पिळत त्यांनी त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं. पलीकडच्या वाड्यावर एका घरवाल्याच्या बांधावर असलंच गवत होतं. कोणीतरी बाहेरगावचा येऊन नाव सांगून गेला, अत्तरवाल्यांना मुळं पाहिजेत म्हणून. एका मोसमात बांध खणून काढला. आषाढातल्या भरतीला खारं पाणी आत आलं, आणि पुढची तीन वर्षं त्या शेतात भात झालं नाही. आजो तिथं बांध घालायला मदतीला गेले होते. लहान अण्णाकाकाही त्यांच्याबरोबर. "तेच्या आदी बापाय हेका नावान हाक मारी. ता नाव माका आज ह्या वासान आठावला," अण्णाकाका म्हणाले. "तेच्या मागीर म्हणूक लागलो, गवात."

बाबांनी भटजींकडे पाहिलं. भटजींनी पट्टी नीट केली. "माका बघू नको," ते म्हणाले. "माझो एक डोळो बांदलेलो आसा, आणि दुसऱ्यान माका काय दिसूक नाय. दर्भ मी बाजारातसून हाडतंय." मग वर आमच्या घरी येऊन त्यांनी आंघोळ केली, आईच्या हातचे गरम पोळे खाल्ले, आणि जाताना मला म्हणाले, "बाय, तू शिक. पूण मात्शी हळू शिक."

चवथीपर्यंतच्या चार दिवसांत मी खरोखर शिकले. ते जाडजूड पुस्तक या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचलं. पात्यांची बुडं पंख्यासारखी चपटी, एकात एक बसलेली. तुरा जांभळट, त्याच्या फांद्या दांड्याभोवती कड्यासारख्या. कूळ, गण, जात, लॅटिन नाव, ते नाव पूर्वी काय होतं आणि नंतर कोणी बदललं, सगळं पाठ. आयुष्यात पहिल्यांदा मला एका प्रश्नाचं उत्तर मुळापासून शेंड्यापर्यंत येत होतं.

चवथीला घर नेवऱ्या तळायच्या वासानं आणि घुमटाच्या, म्हणजे मातीच्या ढोलक्याच्या, आवाजानं भरलं. माटोळी अशी सजली होती की वासे वाकलेत की काय असं वाटावं, आणि मध्यभागी गवताचा झुबका. माझा पुठ्ठा काढून टाकलेला. दुपारनंतर परीक्षक आले. तिघंजण, त्यातले मुख्य एक प्राध्यापक, जाड चष्मा, खिशाला दोन पेनं. बाबांनी आधीच माझी ओळख करून दिली: "ही माझी धुवडी. बॉटनी शिकता." मग यादी वाचायला सुरुवात झाली. बाबा नाव घ्यायचे, अण्णाकाका काठीनं वस्तू दाखवायचे, प्राध्यापक खूण करायचे. कवंडळ. खूण. तोरिंजन. खूण. होत होत एकशे सात खुणा झाल्या आणि काठी मध्यभागी आली.

"आणि हे गवत?" प्राध्यापक म्हणाले. "सुंदर आहे. नाव?"

घुमट थांबलं होतं. रांधणीच्या दारात आई झारा घेऊन उभी राहिली, झाऱ्यातून तेल ठिबकत होतं ते तिला कळत नव्हतं. दारापाशी शेजारीपाजारी, मुलं, आणखी दहा माणसं. बाबांनी वहीकडे पाहिलं. माझे बाबा, ज्यांनी वर्षभर त्या एका वस्तूचा हिशेब मनात घोळवला होता, ज्यांना दोन अक्षरं म्हणायची होती फक्त. 

"नाव ठावक नाय," बाबा म्हणाले. "बापाय लावी, म्हणान लावतंव."

"अरेरे," प्राध्यापक म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "पण तू बॉटनीची ना? तू सांग."

आज इतक्या वर्षांनी सांगते, त्या क्षणी माझ्या तोंडात ते लॅटिन नाव गरम बटाट्यासारखं होतं. गिळताही येईना, थुंकताही येईना. दहा माणसं बघत होती. मांद्र्यापासून पेडण्यापर्यंत बाबांनी ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्यातले निम्मे तर तिथंच होते. मी बाबांकडे पाहिलं. ते वहीच्या कोपऱ्याची घडी घालत होते.

"माहीत नाही, सर," मी म्हटलं.

मागं कोणीतरी खुदकन हसलं. प्राध्यापकांनी चष्मा वर केला, एक पातं हुंगलं, चुरगळून पुन्हा हुंगलं. "वास नाही काही," ते म्हणाले. "मलाही माहीत नाही. माझा विषय शेवाळ. पण मला माहीत नसलं तर चालतं, मुली. तुला परीक्षा आहे." आणि यादीत त्यांनी खुणेच्या जागी एक आडवी रेघ मारली. पुढं तेच आम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवायला आले. वर्गात गवताचा विषय निघाला की ते माझ्याकडे बघून "हिला विचारू नका" म्हणायचे, आणि मी खाली मान घालून हसू दाबायचे. मी शरमले असं त्यांना वाटायचं.

एका वस्तूनं हरलो. दामूमामा आला, यंदाच्या बक्षिसाचं तांब्याचं तबक घेऊन. ते मेजावर ठेवलं, आईनं पुढं केलेलं खतखतें दोनदा वाढून घेतलं, आणि म्हणाला, "भावोजी, एक वस्तू उणी पडली मरे! आनी आयकलां तें गवत आशिल्लें, पूण नांव कोणाक येयना. चलयेक बॉटनी शिकयतात किदें, आडवी जास्वंद?"

मी आईकडे पाहिलं. सख्खा भाऊ, पोटातली गोष्ट, आता बोलणार. आईनं त्याच्या ताटात आणखी एक पळी खतखतें वाढलं आणि म्हणाली, "जेव रे तू. गवात ता गवात."

आणि बाबा हसले. आदल्या वर्षी हसले होते तसे नव्हे, मोठ्यानं, पोट धरून, इतके की मामाही गोंधळून हसायला लागला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर त्यांनी वही उघडली आणि "दर्भ" खोडून त्यावर पूर्वीचं लिहिलं: "गवत (मधलें)". पुढच्या उन्हाळ्यातही ते म्हापशाच्या बाजारात गेले आणि वाळ्याची जुडी घेऊन आले. अण्णाकाकांनी ती हुंगली आणि म्हणाले, "बरी आसा. फुडल्या खेपेक जाड मुळांची बघून घे." दोघंही बराच वेळ खोकत होते.

बाबा आता नाहीत. अण्णाकाका आहेत, चढणं बंद, बसणं चालू. गेल्या चवथीला मी गावी गेले होते. काकांची नात मांद्र्याच्या एका गेस्टहाउसात कामाला आहे, तिच्या फोनवर म्हणे असं काही आहे की झाडाचा फोटो काढला की नाव सांगतं. ती माझ्याबरोबर बांधावर आली आणि फोन वर धरला. "आत्ये, थांब, आता कळतला ह्या काय ता." मी फोनच्या आणि गवताच्या मध्ये आले. अगदी सहज, पदर सारखा करता करता. फोननं बराच विचार केला आणि कळवलं की ओळख पटत नाही, जरा मागं सरून पाहा. ती म्हणाली, "आत्ये, तू तर बॉटनी शिकलंस ना? तुका ठावक नाय?"

मी तिला जास्वंद आडवी कशी चिरतात ते सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, इतकं जपलं आणि शेवटी छापून नाव दिलंच की. दिलं. पण पेडण्यात बांध पुष्कळ, आणि गावाचं नाव मी काय सांगितलं होतं ते आठवा आणि त्याच्यापुढं काय म्हटलं होतं तेही आठवा. मी त्याच घरातली आहे. तरी कोणाला यायचं तर या, कोरगावात या, कुठल्याही बांधावर उभे राहा आणि तिथं जो कोणी म्हातारा बसलेला असेल त्याला विचारा, हे काय म्हणून. तो तुमच्या हातात फावडं आहे का ते आधी बघेल.

मग सांगेल, "ता? गवात."